तारेच्या आत आणि तारेच्या बाहेर : ऑलिव्हर हेविसाइड यांचे जीवन

उच्च दाबाच्या वीजवाहिनीची तार आडवी कापून पाहिली, तर मधोमध पोलादाच्या काही तारा आणि त्यांच्याभोवती ॲल्युमिनियमच्या तारांचे वेढे दिसतात. वीज खात्यात पँथर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तारेत पोलादाच्या 7 आणि ॲल्युमिनियमच्या 30 तारा असतात. पोलाद ताण पेलते आणि ॲल्युमिनियम वीज वाहून नेते. वीज वाहण्याच्या कामात मधल्या पोलादाचा वाटा अगदी थोडा असतो. पोलाद मुळात कमी प्रतीचे वाहक आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, प्रत्यावर्ती धारा वाहकाच्या गाभ्यापेक्षा त्याच्या पृष्ठभागालगतच अधिक दाटीने वाहते. तंत्रनिकेतनाच्या पुस्तकांत याला त्वचा परिणाम किंवा सरळ स्किन इफेक्ट म्हणतात. चार ओळींची व्याख्या, एक सूत्र, एक आकृती, आणि विद्यार्थी पुढच्या प्रकरणाकडे वळतो. आपल्या शाळेतून बाहेर पडून वीज आणि दूरसंचाराच्या क्षेत्रात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ही व्याख्या कधी ना कधी लिहिली असेल. तिच्यामागे उभा असलेला माणूस मात्र त्या पुस्तकांत बहुधा भेटत नाही. त्याच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती, वयाच्या 24व्या वर्षानंतर त्याने कधी नोकरी केली नाही, आणि त्याच्या हयातीतील बरीच वर्षे त्याच्या लेखनास छापायला जागा मिळेल की नाही, हाच प्रश्न होता.

ऑलिव्हर हेविसाइड यांचा जन्म 18 मे 1850 रोजी लंडनच्या कॅम्डन टाउन भागात झाला. वडील थॉमस हे लाकडी ठशांवर चित्रे कोरणारे कारागीर होते. त्या कामातून घर कसेबसे चाले. आई रेचेल यांनी घरातच मुलींची शाळा काढून संसाराला हातभार लावला. चार भावांत ऑलिव्हर सर्वांत धाकटे. लहानपणीच त्यांना लोहितांग ज्वर झाला आणि त्या आजाराने त्यांच्या श्रवणशक्तीवर घाला घातला. पुढे वय वाढल्यावर ऐकू येणे पुष्कळसे सुधारले, तरी ज्या वयात मुले गल्लीत एकमेकांशी खेळून, भांडून जग शिकतात, ते वय त्यांनी अर्धवट बहिरेपणात काढले. लोकांत मिसळण्याचा त्यांना जन्मभर जो संकोच राहिला, त्याचे मूळ काही अंशी येथे असावे.

शाळेत ते हुशार होते. 1865 मध्ये झालेल्या एका सार्वजनिक परीक्षेत 500 हून अधिक विद्यार्थ्यांमध्ये त्यांचा पाचवा क्रमांक आला आणि निसर्गविज्ञानाचे पारितोषिकही मिळाले. युक्लिडच्या भूमितीत मात्र गुण अगदीच तुटपुंजे होते. प्रमेये आणि त्यांच्या सिद्धता घोकणे त्यांना कधीच मानवले नाही. वयाच्या 16व्या वर्षी शाळा संपली. पुढच्या शिक्षणास पैसा नव्हता. परंतु एक नातेवाईक मोठा होता. तारायंत्राच्या जनकांपैकी एक असलेले सर चार्ल्स व्हीटस्टन यांची पत्नी ही ऑलिव्हर यांची मावशी. या काकांच्या सल्ल्याने मुलाने घरी बसून जर्मन आणि डॅनिश भाषा शिकल्या, तारायंत्राचा अभ्यास केला आणि 1868 मध्ये डेन्मार्कला जोडणाऱ्या समुद्राखालील तारेच्या कामावर नोकरी धरली. प्रथम डेन्मार्कमधील फ्रेडेरिसिया आणि नंतर इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे त्यांनी तारबाबू म्हणून काम केले. त्यांच्या साऱ्या आयुष्यातली नोकरी ती एवढीच.

न्यूकॅसलच्या कचेरीतील कामाने त्यांना प्रश्न पुरवले. समुद्राखालच्या त्या तारेतून संदेश एका दिशेने जितक्या वेगाने पाठवता येत, तितक्या वेगाने उलट दिशेने पाठवता येत नसत. तार तीच, पाणी तेच, मग हा फरक का, याची उकल करण्यासाठी हा तरुण गणित शिकू लागला. 1873 मध्ये व्हीटस्टन यांच्या प्रसिद्ध मापन-सेतूची सर्वांत संवेदनशील मांडणी कोणती, यावर त्यांचा लेख फिलॉसॉफिकल मॅगेझिन या नामवंत नियतकालिकात आला. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांचे लक्ष त्या लेखाकडे गेले. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीतही त्याचा उल्लेख आला. याच काळात तार-अभियंत्यांच्या संस्थेचे सभासदत्व मागितले असता त्यांना नकार मिळाला. साधे तारबाबू त्या मंडळींना नको होते. थॉमसन यांनी शब्द टाकल्यावर दार उघडले.

मॅक्सवेल यांचा विद्युत आणि चुंबकत्वावरील ग्रंथ 1873 साली प्रसिद्ध झाला. हेविसाइड यांनी तो चाळला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. ग्रंथातील गणित त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. शाळेत शिकलेले बीजगणित आणि त्रिकोणमितीसुद्धा बरीचशी विस्मरणात गेली होती. 1874 मध्ये त्यांनी नोकरी सोडली, लंडनला आईवडिलांच्या घरी परतले आणि खोलीचे दार लावून घेतले. घरच्यांना काय वाटले असेल, याची कल्पना कोणत्याही पालकास करता येईल. मुलगा 24 वर्षांचा, हातची नोकरी सोडलेली, दिवसरात्र कोंदट खोलीत दिव्याच्या उजेडात पाइप ओढत आकडेमोड करतो आणि त्यातून एक पैसाही मिळत नाही. जेवणाचे ताट दाराबाहेर ठेवले जाई, असे सांगतात. थोरले बंधू आर्थर हे टपाल खात्यात तारायंत्राचे अभियंते होते. प्रयोगाच्या बाजूने तेच काय ते ऑलिव्हर यांचे हातपाय.

मॅक्सवेल 1879 मध्ये अकाली वारले. त्यांच्या सिद्धान्तास प्रयोगाचा आधार अजून मिळाला नव्हता आणि तो समजणारे लोक मोजके होते. 1865 च्या निबंधात मॅक्सवेल यांनी आपला सिद्धान्त 20 समीकरणांत मांडला होता. हेविसाइड यांनी 1884-85 च्या सुमारास सदिशांची नवी भाषा वापरून तो चार समीकरणांत आणला. जगभरचे विद्यार्थी आज मॅक्सवेलची समीकरणे म्हणून जी चार समीकरणे लिहितात, त्यांचे रूप हेविसाइड यांच्या हातचे आहे. जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनीही पुढे स्वतंत्रपणे तशीच मांडणी केली.

या चार समीकरणांकडे पाहताना हेविसाइड यांना जे दिसले, ते त्या काळच्या तार-अभियंत्यांच्या समजुतीला धक्का देणारे होते. पाणी नळातून वाहते तशी वीज तारेतून वाहते, हे चित्र सर्वांच्या मनात पक्के बसले होते. आजही बहुतेकांच्या मनात तेच आहे, आणि घरातले दिवे लावण्यापुरते ते चालूनही जाते. हेविसाइड यांच्या गणितातून निराळे चित्र निघाले. ऊर्जा तारेच्या आतून ढकलली जात नाही. ती तारेभोवतीच्या अवकाशात, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून, तारेला धरून पुढे सरकते. तार तिला वाट दाखवते. त्या ऊर्जेचा थोडा भाग बाजूने तारेत शिरतो आणि तिथे उष्णता होऊन संपतो. ऊर्जेच्या या प्रवाहाचे सूत्र 1884 मध्ये जॉन हेन्री पॉयंटिंग यांनी प्रसिद्ध केले होते. हेविसाइड स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षास पोहोचले.

त्वचा परिणाम हा याच चित्राचा सरळ परिणाम आहे. ऊर्जा बाहेरून आत येत असेल, तर तारेतील धारासुद्धा पृष्ठभागापासून सुरू होऊन हळूहळू गाभ्याकडे झिरपली पाहिजे. धारा एकाच दिशेची असेल, तर तिला झिरपायला पुरेसा अवधी मिळतो आणि थोड्याच वेळात ती सगळ्या जाडीभर सारखी पसरते. परंतु धारा दर क्षणी दिशा पालटत असेल, तर ती गाभ्यापर्यंत पोहोचण्याआधीच बाहेरून उलटा हुकूम येतो. गाभ्यात फारसे काही घडतच नाही.

हे झिरपणे समजण्यासाठी आपल्याकडील विहिरीचे उदाहरण सोयीचे आहे. उन्हाळ्यात दुपारी अंगणातली माती पाय भाजेल इतकी तापते, पण वीतभर खाली उकरले तर ती थंड लागते. दिवसरात्रीचा तापमानाचा फेरा मातीत वीतभरच उतरतो. उन्हाळा-हिवाळ्याचा वर्षाचा फेरा मात्र काही मीटर खोल जातो. त्याहून खोल असलेल्या विहिरीचे पाणी म्हणूनच उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट वाटते. फेरा जितका जलद, तितकी त्याची पोहोच उथळ. धातूत शिरणाऱ्या विजेचे गणित आणि जमिनीत शिरणाऱ्या उष्णतेचे गणित एकाच जातीचे आहे, आणि ही तुलना हेविसाइड यांना स्वतःलाही जवळची होती. वारंवारता शंभरपट झाली, तर खोली दहाव्या हिश्श्यावर येते.

आकडे पाहिले तर गोष्ट अधिक स्पष्ट होते. आपल्या घरात येणाऱ्या 50 हर्ट्झच्या विजेसाठी तांब्यातील ही खोली सुमारे 9.3 मिलिमीटर आहे. इतके आत गेल्यावर धारेची तीव्रता पृष्ठभागाच्या सुमारे 37 टक्के उरते. घरातल्या तारा एकदोन मिलिमीटर जाडीच्या, त्यामुळे तिथे हा परिणाम जाणवतही नाही. उपकेंद्रातील जाड वाहकांत तो जाणवतो, म्हणून तिथे भरीव दांड्याऐवजी पोकळ नळ्या वापरलेल्या दिसतात. मधला धातू काही कामाचा नसेल, तर त्याचा खर्च कशाला? दहा लाख हर्ट्झच्या रेडिओ लहरींसाठी ती खोली अवघी 0.066 मिलिमीटर होते, म्हणजे साधारण केसाएवढी. लोखंडाच्या चुंबकीय गुणधर्मामुळे लोखंडात ती आणखी कमी, 50 हर्ट्झलासुद्धा एकदोन मिलिमीटरच्या आसपास. स्वयंपाकघरातील इंडक्शनच्या शेगडीत या दोन्ही गोष्टी एकत्र भेटतात. काचेखालचे वेटोळे एका जाड तारेचे नसून इनॅमल चढवलेल्या कित्येक बारीक तारा एकत्र पिळून केलेले असते, म्हणजे धारेला जास्त पृष्ठभाग मिळावा. आणि वर ठेवलेल्या लोखंडी तव्याच्या बुडाशी धारा पातळ थरात कोंडली जाते, म्हणून तवा झटकन तापतो.

दिष्ट धारेला हा परिणाम लागू नाही. आपल्या चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे 750 किलोमीटर लांबीची जी 500 किलोव्होल्टची दिष्ट धारेची वाहिनी आहे, तिच्या तारांचा संपूर्ण छेद वीज वाहण्यास उपयोगी पडतो. ती रचना निवडण्याची इतर मोठी कारणे आहेत, हे खरे. पण हा लाभ तिच्या पदरात आपोआप पडला.

शोधाचे श्रेय देताना थोडे नेमके असावे. तारेतील बदलत्या धारेचे काही गणित मॅक्सवेल यांच्या ग्रंथात होते. 1883 मध्ये होरेस लॅम्ब यांनी गोल वाहकापुरता हा परिणाम मांडला. 1885 मध्ये हेविसाइड यांनी तो कोणत्याही आकाराच्या वाहकास लागू केला आणि मुख्य म्हणजे त्याचा अर्थ सांगितला. हे लेखन द इलेक्ट्रिशियन नावाच्या व्यावसायिक साप्ताहिकात येत असे. विजेच्या सामानाच्या जाहिराती आणि कंपन्यांच्या बातम्या यांच्यामध्ये हे कठीण गणित छापले जाई. ते वाचणारे किती असतील, हा प्रश्नच होता. पुढच्याच वर्षी, 1886 च्या जानेवारीत, डेव्हिड ह्यूज यांनी तार-अभियंत्यांच्या संस्थेच्या अध्यक्षपदावरून आपले प्रयोग सादर केले. भरीव लोखंडी तार आणि बारीक तारांचा दोर यांत बदलती धारा निरनिराळी वागते, असे त्यांना आढळले होते. ह्यूज कुशल प्रयोगकर्ते होते, पण मापनात त्यांनी रोध आणि स्वयंप्रवर्तन यांची गल्लत केली होती. हेविसाइड यांनी ती गल्लत सोडवून दाखवली आणि या प्रयोगांत जे दिसते ते आपण वर्षापूर्वीच छापले आहे, हेही सांगितले. सभा ह्यूज यांच्या प्रयोगांवर बोलत राहिली. गणिताकडे फारसे कोणी पाहिले नाही.

खरा संघर्ष दूरध्वनीवरून झाला. लांब अंतरावर बोलणे अस्पष्ट होई, कारण आवाजातील उंच आणि खालचे स्वर तारेतून वेगवेगळ्या वेगाने जात आणि वेगवेगळ्या प्रमाणात क्षीण होत. ब्रिटिश टपाल खात्याचे वरिष्ठ अभियंते विल्यम प्रीस यांचे मत असे की, तारेचे स्वयंप्रवर्तन ही एक कटकट आहे आणि ती जितकी कमी तितके बरे. हेविसाइड यांच्या समीकरणांतून नेमके उलटे निघत होते. तारेचा रोध, तिचे स्वयंप्रवर्तन, तिची विद्युतभार धरून ठेवण्याची क्षमता आणि तिच्यातून होणारी गळती, या चार राशींचे एक ठरावीक प्रमाण साधले, तर आवाज क्षीण झाला तरी विकृत होत नाही. ते प्रमाण साधण्यासाठी स्वयंप्रवर्तन वाढवले पाहिजे. 1887 मध्ये ऑलिव्हर आणि आर्थर या भावांनी मिळून दूरध्वनीवर एक निबंध तयार केला, त्यात हा निष्कर्ष होता. आर्थर टपाल खात्याचे नोकर. निबंध वरिष्ठ म्हणून प्रीस यांच्याकडे गेला आणि त्यांनी तो प्रसिद्ध होऊ दिला नाही. त्याच वर्षी द इलेक्ट्रिशियनचे संपादक बदलले. नव्या संपादकांनी हेविसाइड यांची लेखमाला कोणी वाचते का, याची चौकशी केली, आणि वाचणारा कोणी सापडला नाही, असे कळवून ती बंद केली. अन्य ठिकाणीही दारे मिटू लागली. हातात महत्त्वाचे उत्तर आहे, ते खरे असल्याची खात्री आहे, आणि ते छापायला कोणी तयार नाही, असे ते वर्ष होते.

प्रीस यांना केवळ खलनायक ठरवणे न्यायाचे होणार नाही. पुढे तरुण मार्कोनीला इंग्लंडमध्ये आधार देणारे हेच प्रीस होते. त्यांच्या हाताखालून शेकडो मैलांच्या तारा टाकल्या गेल्या होत्या आणि त्या अनुभवावर त्यांचा अढळ विश्वास होता. परंतु तो अनुभव मंद गतीच्या तारसंदेशांचा होता. जलद बदलणाऱ्या धारेच्या बाबतीत तो अपुरा आहे, हे सांगणारा माणूस नोकरी सोडलेला, पदवी नसलेला एक माजी तारबाबू असावा, हे त्यांना पटणे कठीण होते. हेविसाइड यांच्या बाजूनेही आग कमी नव्हती. त्यांची लेखणी तिखट होती. प्रतिपक्षाची टर उडवताना त्यांना भान राहत नसे, आणि वाचकासाठी गणित सोपे करण्याची तसदी ते क्वचितच घेत. आपले म्हणणे लोकांना कळावे असे त्यांना मनापासून वाटे, पण त्यासाठी एक पायरी खाली उतरणे त्यांच्या स्वभावात नव्हते. माझ्या मते त्यांच्या उपेक्षेचा काही भाग या हट्टाच्या खात्यावर मांडावा लागतो.

दिलासा 1888 मध्ये मिळाला. ऑलिव्हर लॉज हे त्या वर्षी कोसळणाऱ्या विजेपासून इमारतींचे रक्षण करणाऱ्या वीजवाहकांवर प्रयोग करत होते. विजेचा लोळ म्हणजे अतिजलद धारा. अशा धारेपुढे तांब्याची जाड भरीव कांब आपली जाडी वापरू शकत नाही, हे त्यांच्या लक्षात आले, आणि हेविसाइड यांनी हे आधीच लिहून ठेवले आहे, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. सप्टेंबर महिन्यात बाथ शहरी भरलेल्या विज्ञान परिषदेत लॉज आणि प्रीस यांची या विषयावर जाहीर खडाजंगी झाली. त्याच परिषदेत जॉर्ज फिट्झजेराल्ड यांनी जर्मनीतली वार्ता दिली की, हर्ट्झ यांनी अवकाशातून जाणाऱ्या विद्युतलहरी प्रयोगाने निर्माण करून मोजल्या आहेत. मॅक्सवेल यांचा सिद्धान्त खरा ठरला, आणि त्या सिद्धान्ताचा सर्वांत समर्थ भाष्यकार कॅम्डन टाउनच्या खोलीत बसलेला आहे, हे जाणकारांना उमगले. 1889 च्या जानेवारीत थॉमसन यांनी विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या अध्यक्षीय भाषणात हेविसाइड यांच्या कार्याचा गौरव केला. 1891 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य निवडले. पुढच्या वर्षी त्यांचे लेख दोन खंडांत ग्रंथरूपाने आले.

मान मिळाला, पैसा आला नाही. 1889 मध्येच हे कुटुंब डेव्हन परगण्यातील पेंटन या समुद्रकाठच्या गावी, वाद्यांचे दुकान चालवणारे बंधू चार्ल्स यांच्या आश्रयाला गेले होते. आई 1894 मध्ये आणि वडील 1896 मध्ये वारले. मित्रांनी मदतनिधीतून रक्कम मिळवून देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यात दानाचा वास आला म्हणून हेविसाइड यांनी नकार दिला. अखेर 1896 मध्ये फिट्झजेराल्ड आणि जॉन पेरी यांच्या खटपटीने सरकारकडून वार्षिक 120 पौंडांचे मानधन मंजूर झाले. ते कार्याच्या गौरवार्थ आहे, अशी खात्री पटवल्यावरच त्यांनी ते स्वीकारले.

याच दशकात रॉयल सोसायटीशीही त्यांचा खटका उडाला. अवघड समीकरणे झटपट सोडवण्याची एक क्रियापद्धती त्यांनी शोधली होती. उत्तरे अचूक येत, पण प्रत्येक पायरीची काटेकोर सिद्धता त्यांच्याजवळ नव्हती. त्यांच्या निबंधाचे पहिले दोन भाग छापले गेले, तिसरा 1894 मध्ये परत आला. शाळेत युक्लिडला कंटाळलेला मुलगा इथे पुन्हा दिसतो. पुढच्या पिढीतल्या गणितज्ञांनी त्या पद्धतीला भक्कम पाया घालून दिला.

दूरध्वनीच्या उत्तराचे फळ दुसऱ्यांनी चाखले. कोलंबिया विद्यापीठाचे मायकेल प्युपिन यांनी तारेत ठरावीक अंतरावर वेटोळी बसवून स्वयंप्रवर्तन वाढवण्याचे पेटंट 1900 मध्ये मिळवले आणि अमेरिकेतील टेलिफोन कंपनीने ते मोठ्या रकमेला विकत घेतले. त्याच कंपनीतील जॉर्ज कॅम्पबेल यांनीही हे काम स्वतंत्रपणे केले होते. प्रीस ज्याला कटकट म्हणत, ती वेटोळी आता पैसे मोजून बसवली जाऊ लागली. हेविसाइड यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले नव्हते. या अन्यायाची बोच त्यांना शेवटपर्यंत राहिली.

1901 च्या डिसेंबरात मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी संदेश पोहोचवला. लहरी सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे, मग हे घडले कसे? 1902 मध्ये एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकासाठी तारायंत्रावर लिहिताना हेविसाइड यांनी सुचवले की, वातावरणात उंचावर वीजवाहक थर असावा आणि लहरी त्या थराला आणि समुद्राच्या पृष्ठभागाला धरून वळत असाव्यात. तारेला धरून ऊर्जा सरकते, हा त्यांचा जुनाच विचार इथे पृथ्वीएवढा झाला होता. आर्थर केनेली यांनी अमेरिकेत त्याच वर्षी तीच कल्पना मांडली, म्हणून त्या थराला दोघांचेही नाव मिळाले.

1908 पासून ते टॉर्की येथे, भावजयीची बहीण मेरी वे यांच्या घरी राहू लागले. त्यांच्या लहरीपणाला कंटाळून मेरी वे 1916 मध्ये निघून गेल्या आणि त्यानंतर ते एकटेच राहिले. खोलीतले सामान काढून त्यांनी ग्रॅनाइटचे मोठाले दगड ठेवले होते, असे भेटीला येणाऱ्यांनी नोंदवले आहे. सही करताना आपल्या नावापुढे ते किडा या अर्थाची चार इंग्रजी अक्षरे पदवीसारखी लिहीत. थंडी त्यांना सोसत नसे, खोली प्रचंड तापवून ठेवत, गॅसचे बिल थकत असे आणि पुरवठा कंपनीशी वर्षानुवर्षे भांडण चाले. शेजारची पोरे त्रास देत. किराणा आणि पाव आणून देणारा एक पोलीस शिपाई आणि केंब्रिजहून अधूनमधून येणारे भौतिकीचे अध्यापक जॉर्ज सर्ल, एवढीच माणसांची सोबत उरली होती. 1905 मध्ये गटिंगेन विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली होती. 1922 मध्ये विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने नव्याने सुरू केलेले फॅरेडे पदक प्रथम त्यांनाच दिले. ज्या संस्थेला पूर्वी तारबाबू नको होते, तिचीच ती वारस. पदक द्यायला संस्थेच्या अध्यक्षांना टॉर्कीला जावे लागले.

1924 च्या डिसेंबरात एडवर्ड ॲपलटन आणि माइल्स बार्नेट यांनी बोर्नमथच्या रेडिओ केंद्रावरून सोडलेल्या लहरी ऑक्सफर्डला तपासून वातावरणातील त्या थराचा प्रत्यक्ष पुरावा मिळवला. पुढच्याच महिन्यात हेविसाइड शिडीवरून पडले. रुग्णवाहिकेतून शुश्रूषागृहात नेताना ते मोटारीत बसले, ती त्यांची पहिलीच वेळ होती, असे सर्ल यांनी सांगितले आहे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी त्यांचे निधन झाले. पेंटनच्या दफनभूमीत आईवडिलांच्या कबरीतच त्यांना पुरले. वरचा दगड आईवडिलांचा आहे. तळाशी, गवत वाढले की झाकून जाईल अशा जागी, ऑलिव्हर यांचे नाव कोरले गेले. तो दगड 2014 मध्ये वर्गणीतून दुरुस्त करण्यात आला.